नागपुरात मोकळ्यावर पोर्ट्रेट काढायचे, तर महिना कोणता धरावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, नवरा-बायको, बाहेरगावहून येणारा भाऊ आणि अडीच वर्षांची मुलगी यांचे पोर्ट्रेट आणि एक घरचा ग्रुप फोटो काढायचा आहे. स्टुडिओ नको, बाहेरच आणि नागपुरातच. भावाला सुट्टी आधी टाकावी लागते, म्हणून तारीख आताच ठरवायची आहे. कॅमेरा, ८५ एमएम लेन्स आणि एक साधा फ्लॅश घरात आहे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून २० डिसेंबरपर्यंतची तारीख धरा. ते जमत नसेल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. तिसरा पर्याय ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. पावसाच्या भीतीने बहुतेक जण हा काळ सोडून देतात, पण चेहऱ्यावरच्या प्रकाशाचा विचार केला तर तो दुसऱ्या क्रमांकावर यायला हरकत नव्हती. तुमच्याकडे तारीख बदलायची सोय नाही, म्हणूनच तो खाली ढकलला.

हिवाळाच का, असं विचारलं की गारवा असतो हे उत्तर मिळतं. ते अर्धंच आहे. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो. मेच्या मध्यात तोच ८८ अंशांवर, म्हणजे अक्षरशः डोक्यावर येतो. डोक्यावरच्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, नाकाखाली काळा ठिपका येतो आणि कपाळ पांढरं फटक होतं. ४५ अंशांवर सावल्या पडतात, पण डोळ्यांत उजेड शिरतो.

घड्याळाऐवजी सावली बघायची सवय लावा. तुमची सावली तुमच्या उंचीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे. सावली उंचीच्या दुप्पट झाली की तो साधारण २७ अंशांवर आला, आणि तिथून पुढे चेहऱ्यासाठी उन्हाचा कोन चांगला होत जातो. डिसेंबरात नागपुरात हा कोन सकाळी ९ वाजून १० मिनिटांपर्यंत आणि दुपारी सव्वातीननंतर मिळतो. सूर्यास्त ५:३५च्या सुमारास, म्हणजे दुपारच्या बाजूला सलग सव्वादोन तास हातात येतात.

आता गंमत बघा. मेमध्ये सावली दुप्पट होते सकाळी ७:४० पर्यंत आणि संध्याकाळी ४:४० नंतर, आणि सूर्यास्त पावणेसातला. कामाचा वेळ जवळपास तेवढाच! फरक असा की मे महिन्यात ४:४० ला पारा चाळीसच्या वरच असतो, रस्त्याची आणि भिंतींची धग वेगळी. सकाळचा वेळ धरायचा तर मेकअप, कपडे आवरून साडेपाचला जागेवर हजर राहावं लागतं. आणि मधले नऊ तास पूर्ण वाया. डिसेंबरात मधल्या वेळातही सावलीच्या कडेला उभं राहून काम चालतं. अडीच वर्षांची मुलगी तुमच्या वेळापत्रकाने हसणार नाही, तेव्हा ही लवचीकता फार कामाला येते.

गोल्डन अवरचं एक सांगून टाकतो. युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ बघून अनेक जण तासाभराची सोनेरी वेळ गृहीत धरतात. आपल्याकडे सूर्य जास्त तिरकस न जाता उतरतो. शेवटच्या १० अंशांना डिसेंबरातही पाऊण तासच लागतो, आणि मावळल्यावर कामापुरता उजेड २०-२५ मिनिटं टिकतो. त्यात डिसेंबर-जानेवारीत शहरावर संध्याकाळी धूर आणि धुळीचा थर बसतो. थंड हवा खाली अडकते, शेकोट्या पेटतात, वाहनांचा धूर वर जात नाही. त्यामुळे सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच मलूल लाल होतो आणि केसांच्या कडेला येणारी चमक नाहीशी होते. म्हणून मागून ऊन घेऊन काढायचे फोटो सूर्यास्ताच्या ५० ते २५ मिनिटं आधी उरका, म्हणजे डिसेंबरात ४:४५ ते ५:१०. शेवटची दहा मिनिटं शिल्लक ठेवून त्यावर भिस्त ठेवू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाने धुतलेली हवा अजून टिकून असते, तेव्हा हा थर बराच कमी असतो. मी नोव्हेंबरला झुकतं माप देतो ते यासाठी.

हिवाळ्याचा आणखी एक फायदा आहे, तो घरातच पडून असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. २३ सप्टेंबरच्या आसपासपासून २१ मार्चच्या आसपासपर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. या सहा महिन्यांत उत्तरेकडच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. उत्तरेला उघडणारा व्हरांडा, पोर्च किंवा गॅलरी असेल तर तो सकाळी नऊपासून चारपर्यंत चालणारा तयार स्टुडिओ आहे. आई-बाबांना छताच्या कडेपासून दीड-दोन मीटर आत न बसवता एखादाच मीटर आत, तोंड बाहेर करून खुर्चीवर बसवा. समोरचं आकाश म्हणजे मोठा सॉफ्टबॉक्स, स्टुडिओतल्या मऊ उजेडाच्या पेटीसारखं. डोळ्यात आडवा, मोठा कॅचलाइट (उजेडाची चमक) येतो, सुरकुत्या मऊ होतात, कोणाला डोळे किलकिले करावे लागत नाहीत. सुरुवातीला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, एफ/२.८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर १/२५० सेकंद ठेवा आणि हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघून सरकवा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवला तर फोटो निळसर येतो. ७००० केल्विनच्या जवळ हाताने लावा. मे-अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत मात्र दुपारचा सूर्य नागपूरच्या उत्तरेला सरकतो, तेव्हा हाच व्हरांडा दगा देतो.

व्हरांड्यासमोर काय आहे तेही बघा. समोर उन्हात तापलेली लाल पेव्हर ब्लॉकची जागा असेल तर हनुवटीखाली लाल रंग चढतो, हिरवळ असेल तर हिरवा. समोर दोन पांढऱ्या चादरी अंथरल्या की रंगही जातो आणि खालून उजेडही येतो.

महिन्यांचा हिशेब थोडा मोकळेपणाने सांगतो, म्हणजे तुमची तारीख सरकली तरी काय मिळेल ते कळेल.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा भरवशाचा नाही. परतीचा पाऊस दुपारनंतर गाठतो, आणि तो गेला की ऑक्टोबर हीट. पण गवत हिरवं, आकाश स्वच्छ, शहराबाहेर नाल्याकाठी कासाचे पांढरे तुरे. विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीच्या परिसरात लाखोंची गर्दी असते. त्या दिवसांत त्या बाजूला गाडी नेण्याचा विचार नको.

नोव्हेंबर आणि अर्धा डिसेंबर हा आपल्याकडचा खरा हंगाम. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या बागांत आंबिया बहराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) संत्री पिवळी-केशरी झालेली असतात आणि फळं नेमकी चेहऱ्याच्या उंचीवर लागलेली असतात. बाग निवडली तर तीन गोष्टी सांभाळा. मालकाला विचारून जा आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. फवारणी झालेल्या बागेत लहान मुलीला नेऊ नका. संत्र्याची पानं गडद, त्यामुळे ती उजेड पिऊन टाकतात आणि चेहऱ्याची खालची बाजू काळवंडते. कमरेच्या उंचीवर पांढरा रिफ्लेक्टर किंवा २ बाय ३ फुटांचा थर्माकोल लावावाच लागतो. आणि केशरी कपडे नकोत. फळं आणि माणूस वेगळे दिसेनात. फिकट निळा, मोतिया, राखाडी चालतो. याच सुमारास कपाशीची बोंडं फुटलेली असतात आणि तुरीला पिवळी फुलं येतात. तुरीचं शेत खांद्याएवढं वाढतं, मागून ऊन घेतलं की ती फुलं छान चमकतात. शेतमालकाला न विचारता कपाशीत शिरू नका, वेचणीच्या दिवसांत ते कोणालाच आवडत नाही.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. सिव्हिल लाइन्समधली जुनी झाडं आणि रुंद रस्ते फोटोसाठी उत्तम, पण अधिवेशन चालू असताना तिथे बंदोबस्त, बॅरिकेड्स आणि कॅमेरा दिसला की चौकशी. तारीख ठरवण्याआधी अधिवेशनाचे दिवस बघून घ्या. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, म्हणून शनिवार-रविवारी फुटाळा, अंबाझरी आणि सेमिनरी हिल्सवर प्री-वेडिंगवाल्यांची रांग लागलेली दिसते. मंगळवार-बुधवार धरला तर तीच जागा मोकळी.

२० डिसेंबरनंतर जानेवारीच्या मध्यापर्यंत थंडी खरी लागते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तो अपवाद सोडा, पण नेहमीच्या १०-१२ अंशांतही सकाळी सातला बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये उभं राहिलं की दंडावर काटा येतो, नाक लाल होतं, डोळ्यांतून पाणी येतं. कॅमेऱ्यात हे सगळं दिसतं आणि एडिटिंगमध्ये काढताना जीव जातो. कोरड्या थंडीने ओठ फुटतात. शूटच्या तीन-चार दिवस आधीपासून रात्री तूप किंवा बाम लावायला सांगा. त्याच दिवशी लावलेला बाम फक्त चकाकतो, भेगा तशाच राहतात. सकाळी सूर्योदय ६:५०च्या आसपास आणि तलावांवर धुकं. धुक्याचे फोटो सुंदर येतात, पण आई-बाबांना त्या हवेत उभं करू नका. संक्रांतीच्या आठवड्यात पतंगांमुळे मोकळ्या मैदानांत मांजा लोंबत असतो, लहान मुलीसाठी ते धोक्याचं.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा पुन्हा सुखाचा. सूर्यास्त सहाच्या पुढे सरकतो, गारवा सोसवेल इतका असतो. दोन अडचणी. विदर्भात या काळात मध्येच ढगाळ वातावरण होऊन पाऊस, क्वचित गारपीटही होते. आणि कडुनिंब पानं गाळायला लागतो. नोव्हेंबरात ज्या झाडाखाली घट्ट सावली होती, तिथे आता कवडसे पडतात. चेहऱ्यावर एक कवडसा पडला की तेवढी त्वचा पांढरी आणि बाकी काळी. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने धड दुरुस्त होत नाही.

फेब्रुवारीअखेर ते होळीपर्यंत पळस फुलतो. पान नाही, नुसती भगवी फुलं. रामटेकच्या वाटेवर आणि शहराबाहेर माळावर भरपूर दिसतो. फुलं उंचावर असल्याने खाली वाकून, वर बघत फोटो काढावा लागतो. अशा वेळी माणूस झाडापासून पाच-सहा मीटर पुढे उभा करा, नाहीतर नाकपुड्याच जास्त दिसतात. सकाळी साडेआठच्या आत काम संपवा.

मार्चनंतर १०० एमएमच्या वरच्या लेन्सला एक वेगळाच त्रास होतो. दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि २०० एमएमने लांबून काढलेला चेहरा मऊ येतो. लोक फोकस बिघडला म्हणून लेन्स दुरुस्तीला नेतात. लेन्स ठीक असते, हवा हलत असते. जवळ जा, कमी फोकल लेंथ वापरा किंवा डांबर सोडून गवतावर उभे राहा. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि गुलमोहर फुलतात म्हणून मोह होतो. ज्यांना हवाच आहे त्यांनी सकाळी पावणेसहा ते साडेसात एवढंच धरावं. २५ मेपासूनच्या नवतपात (कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) घरातल्या वयस्कर माणसांना बाहेर उभं करायचं नाही, याला पर्याय नाही.

भर उन्हात काढायची वेळ आलीच तर नुसता फ्लॅश लावून भागत नाही. फ्लॅशसाठी शटर साधारण १/२०० वर अडकतं. आयएसओ १०० ला कडक उन्हात त्या शटरवर एफ/१३ च्या आसपास जावं लागतं, मग मागचं सगळं स्पष्ट दिसतं आणि साधा फ्लॅश तेवढा पोचत नाही. एनडी १६ फिल्टर (उजेड सोळापट कमी करणारी काच) लावला तर एफ/३.२ पर्यंत येता येतं, पण फ्लॅश चेहऱ्याच्या मीटरभर जवळ आणावा लागतो. कुटुंबाच्या फोटोसाठी एवढा खटाटोप कशाला?

पावसाळ्याबद्दल लोकांचे दोन गैरसमज आहेत. एक, पावसात फोटो निघत नाहीत. जून-जुलैचा झोडपा सोडला तर ऑगस्टअखेरपासून उघडीप मिळते आणि ढगाळ दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत कधीही काम करता येतं. दुसरा गैरसमज त्याच्या उलट: ढग आहेत म्हणजे सावलीची चिंता नाही. ढगाळ प्रकाश वरूनच येतो. सावली मऊ असते, पण डोळे तरी खोल जातातच. माणसाला बसवा, कॅमेरा त्याच्या डोळ्यांपेक्षा अर्धा फूट वर घ्या आणि हनुवटी किंचित वर करायला सांगा. एवढ्याने डोळे उघडतात. नाहीतर झाडाच्या किंवा छज्जाच्या कडेला उभं करा, म्हणजे वरचा उजेड कापला जातो आणि समोरून येणारा उरतो.

पावसाळ्यात हिरवा रंग सगळीकडून परतून चेहऱ्यावर येतो. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर तो आजारी दिसतो. दाट झाडीच्या अगदी आत उभं करू नका, कडेला करा. आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) एडिट करताना टिंट मॅजेंटाकडे, म्हणजे जांभळट-गुलाबीकडे, थोडा सरकवा. ओल्या पानांची पांढरी चमक पोलरायझर फिल्टरने जाते, त्यात दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी होतो हे धरून चाला. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर दव धरतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. काळ्या मातीत चपला अडकतात, जोडी जास्तीची न्या. सप्टेंबरात दुपारनंतर गडगडाट सुरू झाला तर शेतातल्या एकट्या झाडाखाली थांबू नका, गाडीत बसा.

आता तुमच्या दिवसाचं. समजा, तारीख धरली नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला बुधवार. सूर्यास्त साधारण ५:३३. आदल्या दिवशी साडेतीनला त्या जागी जाऊन या. तिथे मूठ वळून चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि हळूहळू गोल फिरा. अंगठ्याखालची सावली जिथे काळी आणि धारदार दिसते ती दिशा सोडा. जिथे ती विरघळते आणि बोटांच्या पेरांना गोलाई दिसते, त्या दिशेला चेहरा करायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

मुलीची दुपारची झोप होऊ द्या. आई-बाबांचे पोर्ट्रेट दोनला घरच्या उत्तरेच्या व्हरांड्यात. घरी तसा व्हरांडा नसेल तर इमारतीच्या उत्तरेच्या भिंतीपाशी, सावलीत. मुलीचे साडेतीनला, सावलीच्या कडेला, ती बसेल तिथे. शटर १/५०० च्या खाली आणू नका. ग्रुप फोटो साडेचारला, सूर्य पाठीमागे एका बाजूला ठेवून. ८५ एमएमने मुलीला धरून सहा जण ओळीत मावायला तीनेक मीटर रुंदी लागते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ७ मीटर मागे जावं लागेल, क्रॉप (लहान) सेन्सरवर जवळपास ११. जागा निवडताना हे मोजून घ्या, कारण बहुतेक बागांच्या पायवाटांवर एवढं मागे सरकता येत नाही. ग्रुपला एफ/४ पुरतं. एकट्याच्या पोर्ट्रेटला २ मीटरवरून एफ/१.८ वर फोकसची खोली फुल फ्रेमवर जेमतेम ६ सेंटीमीटर असते. चेहरा वळलेला असेल तर एक डोळा सुटतो. एफ/२.८ वर थांबा. मागून ऊन असताना एक्स्पोजर (उजेडाचं माप) चेहऱ्यावर लावा, आकाश थोडं जळलं तरी चालेल. सोनेरी रिफ्लेक्टर घरीच ठेवा, संध्याकाळच्या उन्हात तो आपल्या त्वचेला हळद लावतो.

अंबाझरीच्या बांधावरून सूर्य तलावापलीकडे मावळताना दिसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तो पश्चिमेच्या बराच दक्षिणेला, २०-२५ अंश सरकलेला असतो. उन्हाळ्यात बघून ठेवलेली चौकट तेव्हा जुळत नाही. सरकारी बागा आणि संस्थांच्या आवारात मोठा कॅमेरा, स्टँड लावायला परवानगी किंवा शुल्क लागू शकतं. आधी फाटकावर जाऊन विचारा.

भावाला दोन दिवसांची सुट्टी टाकायला सांगा. नोव्हेंबरातही बंगालच्या उपसागरातल्या एखाद्या वादळाने दोन-तीन दिवस आभाळ भरतं. तसं झालं तर पहिल्या दिवशी व्हरांड्यातले सगळे फोटो उरका आणि ग्रुपचा दुसऱ्या दिवशी ठेवा.